करडईच्या दुधाचा फाल्गुन

ईरा आणि सोहम,

तुमची सकाळ होते तेव्हा माझी संध्याकाळ असते, त्यामुळे फोनवर आपल्यापैकी कोणीतरी नेहमी दमलेलं असतं आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. अक्षर अजून बरं आहे.

निमित्त ईराच्या फ्रीजचं. गेल्या आठवड्यात तिनं मला फ्रीजच्या दाराचा फोटो पाठवला. ओटचं दूध, बदामाचं दूध, वाटाण्याचं दूध आणि काजूपासून केलेलं चीज, सगळे खोके ओळीनं लावलेले. (ओळीनं लावायची सवय माझ्याकडून आली असेल तर मला आनंद आहे.) खाली लिहिलं होतं, "आजी, मी दूध, दही, तूप सगळं सोडलं. आता रोज काहीतरी नवीन सापडतंय. तुला हे विचित्र वाटेल." त्याखाली सोहमनं हसणारा चेहरा टाकला होता.

मला विचित्र वाटलं नाही. त्याच आठवड्यात जतकडच्या आपल्या भाऊबंदांनी सांगलीला येणाऱ्या कोणाबरोबर तरी किलोभर करडई पाठवली होती. फाल्गुन लागला की तिकडे करडईची काढणी होते. आता फार थोडे लोक करतात, पण करतात. पिशवी ओट्यावर होती. मी तिच्यात हात घातला. करडईचे दाणे गुळगुळीत असतात, पांढरे, निमुळते, लहान मुलाच्या पडलेल्या दातांसारखे. हात तसाच ठेवून मी उभी राहिले आणि चौऱ्याहत्तर सालचा फाल्गुन माझ्या बोटांतून वर चढला.

त्या फाल्गुनाबद्दल मी तुमच्या आजोबांनाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

करडई तुम्ही पाहिलेली नाही. ज्वारीच्या शेताच्या कडेनं तिचे दोन-चार तास, म्हणजे ओळी, पेरत. तिला काटे असतात, म्हणून गुरं आत शिरत नाहीत. पौषात तिला पिवळी फुलं येतात, मग ती केशरी होतात, मग लाल. एखादं शेत लांबून पाहिलं तर वाटतं, कोणीतरी ज्वारीला किनार लावली आहे. फाल्गुनात सगळं वाळतं आणि तेव्हा तिचे काटे सुईसारखे होतात. म्हणून करडई उन्हात काढत नाहीत. पहाटे दंव असतं तोवर काटे जरा नरम असतात, तेवढ्या वेळात उपटायची. हातांना गोणपाट गुंडाळायचं, पायांना गुंडाळायचं आणि उजाडायच्या आत रानात जायचं. सूर्य वर आला की काम थांबलं. मला त्या पहाटेचा वास अजून येतो. ओली माती, वाळकं पान आणि त्याच्या खाली कुठेतरी तेलाचा कोमट वास.

मी त्या रानातली नव्हते, हे सांगायला हवं. माझे वडील पाचगणीच्या एका निवासी शाळेत हेडक्लार्क होते. शाळेतल्या नोकराची मुलगी म्हणून मला तिथे शिकायला मिळालं. धुकं, सुरूची झाडं, सकाळी चिनीमातीच्या बशीत दुधातली लापशी, रविवारी कस्टर्ड, एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी आणि तिच्यावर साय. मला वाटायचं, जगातलं सगळं चांगलं खाणं पांढरं असतं. पुढे साताऱ्याला कॉलेज झालं, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्न झालं ते थेट जतच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावात. तुमचे आजोबा फौजेत होते. त्यांना सरहद्दीजवळची नेमणूक होती आणि कुटुंबासाठी क्वार्टर मिळायला अवकाश होता. तोवर मी घरी राहायचं ठरलं. घरी म्हणजे माझ्या सासूबाई आणि मी. सासरे आधीच गेले होते. तुमच्या बाबाचा जन्म व्हायचा होता.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, तिकडे तसंच म्हणतात. माहेर म्हसवडचं, सिद्धनाथावर सगळा भार. उंच, काटक बाई. बोलणं थोडं आणि ठाम. पहिल्याच दिवशी मी चहाला "थँक यू" म्हणाले, तेव्हा शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून लय शिकल्याली हाय. पाणी दिलं तरी विंग्रजीत ढेकर देती."

मी घरातले सगळे डबे धुऊन, पुसून, त्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या डकवल्या. रेड चिलीज. टर्मरिक. सॉल्ट. आत्याबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "मिठाला ठावं हाय का त्याचं नाव?" मी हसले. त्याही हसल्या. ते आमचे चांगले दिवस होते.

आणि एक म्हैस होती, रतन.

बहात्तरला पाऊस आला नाही. त्याबद्दल तुम्ही पुस्तकात वाचाल, मी घरापुरतं सांगते. रानातल्या विहिरीचा तळ दिसला. मिलो नावाची तांबडी ज्वारी अमेरिकेतून आली, तिची भाकरी थापताना कडेनं फाटायची आणि खाताना घशात अडायची. चारा संपला तेव्हा गुरांच्या छावण्या निघाल्या. आत्याबाई रतनला घेऊन बारा मैलांवरच्या छावणीत गेल्या आणि तिच्याजवळच राहिल्या. पलूसकडून ट्रकनं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्यांचा पाला, यायचं, ते गुरांपुढे टाकायचे. रतनला ते सोसलं नाही. मी आठवड्यातून एकदा भाकऱ्या बांधून जायची. तट्ट्याच्या आडोशाला आत्याबाई रतनच्या मानेवर हात ठेवून बसलेल्या असायच्या. म्हशीच्या अंगाला गोठ्याचा वास राहिला नव्हता, नुसत्या धुळीचा वास होता.

वैशाखात त्या परत आल्या. चालत आल्या. खांद्यावर दावं होतं.

मी पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली, पाय धुतले, देवापाशी बसल्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सिद्धनाथा, जिचं दूध प्यालो ती माझ्या डोळ्यांदेखत उपाशी गेली. आजपासनं दुधाला तोंड न्हाई. दूध न्हाई, दही न्हाई, ताक न्हाई, तूप न्हाई. मरस्तवर."

आपल्याकडे लोक काशीला जाऊन एखादी आवडीची गोष्ट सोडतात. कोणी वांगं सोडतं, कोणी आंबा. आत्याबाई काशीला गेल्या नाहीत आणि त्यांनी पुण्यासाठीही सोडलं नाही. ईरा, तू लिहितेस की तुझ्या मैत्रिणी विचारतात, हे सगळं कशासाठी. आत्याबाईंना गावात कोणी विचारलं नाही. सोडलं म्हणजे सोडलं, एवढं तिथे सगळ्यांना कळत होतं. कळलं नाही ते फक्त मला.

मला दिसत होतं ते एवढंच, की ही बाई वाळत चालली आहे. छावणीतून आल्या तेव्हा त्यांचं पातळ अंगावर नुसतं अडकवल्यासारखं होतं. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. उंबऱ्याला ठेचकाळायच्या. सकाळी कोरा गुळाचा चहा, दुपारी मिलोची भाकरी आणि चटणी. माझ्याकडे पाचगणीहून आणलेलं गृहशास्त्राचं पुस्तक होतं. त्यात एका पानावर अशक्त माणसाला काय द्यावं याची यादी होती आणि यादीत पहिलं नाव दूध होतं. मी यादीवर विश्वास ठेवणारी बाई. अजूनही आहे.

तुमचे आजोबा त्याआधी सुटीवर आले होते तेव्हा त्यांनी फौजेच्या कँटीनमधून दूध पावडरचा डबा आणला होता. मी पावडर एका साध्या डब्यात काढली आणि बाहेर, सवयीनं, चिठ्ठी लावली. मिल्क पावडर. इंग्रजीत. घरात ते वाचणारी मी एकटी.

मग मी रोज भाकरीच्या पिठात दोन चमचे पावडर मिसळायला लागले.

तेव्हा मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हे मला लिहून ठेवलं पाहिजे. उलट बरं वाटायचं. भाकरी थापताना मला मी नर्स असल्यासारखं वाटायचं. आत्याबाई जेवायच्या, मी बघायची आणि मनात म्हणायची, आज इतकं पोटात गेलं. एक दिवस त्यांनी घास तोंडात फिरवला आणि विचारलं, "पोरी, भाकरीला ही गोडी कशाची गं?"

"मिलोची असेल, आत्याबाई," मी म्हणाले. "नवीन पोतं आहे."

त्यांनी मान हलवली आणि जेवल्या. पावडरपेक्षा हे वाक्य मोठं होतं, पण ते मला पुढे कळलं.

ज्येष्ठातली दुपार होती. मी आडावरून पाणी घेऊन आले. स्वयंपाकघरात आत्याबाई फडताळापुढे बसल्या होत्या. माझे डबे त्यांनी एकेक करून खाली काढले होते आणि प्रत्येकाचं झाकण उघडलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, दिसतही धड नव्हतं. पण जीभ होती. प्रत्येक डब्यात बोट घालून त्या चाखत होत्या. तिखट. हळद. मीठ. मग त्यांनी तो डबा घेतला. बोट जिभेवर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

मी कळशी धरून उभी होते.

त्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली. मग म्हणाल्या, "किती दीस?"

"एकोणीस," मी म्हणाले. मी मोजत होते.

"माझ्या म्हशीशी बोलल्यालं मोडलंस तू. माझ्याच तोंडानं मोडलंस."

"तुमच्या तब्येतीसाठी केलं, आत्याबाई. तुम्ही किती..."

"व्हय. गुरांच्या छावणीतबी मालकाला न इचारता पेंड मिसळत्यात. तब्येतीसाठीच." आणि उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी परसात तीन दगड मांडले आणि स्वतःची वेगळी चूल पेटवली.

तुम्ही एकटे राहता, तुम्हाला एकटं जेवायची सवय आहे. पण एका घरात दोन बायका आणि दोन चुली, हे एकटेपण निराळं असतं. माझा धूर आढ्याला जायचा, त्यांचा परसातून वर. मी माझी भाकरी करून पाटावर बसायची आणि मला त्यांचा भाकरी थापण्याचा आवाज ऐकू यायचा. आमच्यात बोलणं होतं, नव्हतं असं नाही. "पाऊस येतोय, कडबा आत घ्या." "टपालवाला आलाय." पण ज्या हाताचं खायचं नाही त्या हाताशी किती बोलणार? सणाला मी पोळ्या केल्या, त्या तशाच राहिल्या. शेजारपाजारच्या बायकांना सगळं ठाऊक होतं. कोणी मला काही बोललं नाही, फक्त माझ्या घरचं काही घेताना दोघीतिघी विचारायला लागल्या, "ह्यात काय काय हाय वो?" हसत विचारायच्या.

तुमच्या आजोबांना मी पत्र लिहायची. पाऊस झाला, ज्वारी पेरली, आत्याबाई बऱ्या आहेत. दोन चुलींचं लिहिलं नाही. त्यांची उत्तरं यायची, त्यांत बर्फाचं वर्णन असायचं आणि शेवटी "आईला जप".

मला एकच हवं होतं. आत्याबाईंनी माझ्या हातचं पुन्हा खावं. माफ केलं नाही तरी चालेल, खावं. त्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मी दुसरा कसलाही विचार केला नाही.

आणि म्हणून, ईरा, मी तुझ्याआधी पन्नास वर्षं तेच शोधत होते जे तू शोधते आहेस. माझ्यापाशी दुकान नव्हतं एवढंच. मी पुस्तकातली ती यादी उलटी धरली. दूध नाही तर काय? तूप नाही तर काय?

तालुक्याच्या गावाहून एक ग्रामसेविका यायची. तिच्या पिशवीत सोयाबीनच्या पिठाची पुडी होती. "ताई, ह्यात मटणापेक्षा ताकद आहे," ती म्हणाली. मी त्याच्या दशम्या केल्या. घरभर कच्च्या शेंगेचा असा वास सुटला की माझ्याच घशाखाली उतरेना. आत्याबाई परसातून म्हणाल्या, "कुणाचं पोतं भिजलं गं?" गावातल्या दुकानात वनस्पती तुपाचा पिवळा डबा आला. मी उत्साहानं सांगायला गेले, की यात गाय नाही, म्हैस नाही, नुसतं तेल आहे.

"गाय न्हाई, म्हस न्हाई, आन् नाव तूप?" आत्याबाईंनी विचारलं. "मग त्याची आई कोन?"

मी पैसे पुन्हा पदराला बांधले.

मग मी शेंगदाण्याचं दूध केलं. दाणे भिजवले, सालं काढली, पाट्यावर वाटले, पाणी घालून फडक्यातून पिळले. पांढरंशुभ्र दूध निघालं. ते तापवलं, गूळ घातला. मला पाचगणीची आठवण झाली आणि जरा रडू आलं, इतकं ते चांगलं झालं होतं. वाटी घेऊन मी परसात गेले. "आत्याबाई, हे शेंगदाण्याचं आहे."

त्यांनी वाटी डोळ्यांजवळ नेली. त्यांना आता कडा दिसायच्या आणि रंग दिसायचे, बाकी धूसर. "ह्ये बी पांढरंच हाय," म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवली.

तेव्हा मला माझी चूक पुरती समजली. मी जितकं चांगलं करीन, जितकं दुधासारखं करीन, तितकं ते त्यांना अशक्य होणार होतं. माझ्या हातात जे काही पांढरं असेल ते त्यांच्या लेखी त्या एकोणीस दिवसांतलंच असणार होतं. मी ती वाटी तिथेच बसून प्यायले. दोघी एकाच परसात होतो, मध्ये तीन दगड होते. चूल विझत आली होती.

कधी कधी वाटतं, सोडणारा माणूस पंगतीत एकटा पडतो हे लोकांना दिसतं. त्याला न विचारता वाढणारा त्याहून एकटा पडतो, ते दिसत नाही.

चौऱ्याहत्तरचा फाल्गुन आला. आधीच्या पावसानं ज्वारी बरी आली होती आणि कडेला करडई भरली होती. काढणीला बाया मिळवायच्या तर पहाटेच्या मिळवाव्या लागतात. आमच्याकडे गंगव्वा यायची. ती हद्दीपलीकडची, आमच्या गावात दिलेली. मराठी बोलायची, पण मध्येच कन्नड यायचं, आणि आत्याबाईंना अक्का म्हणायची. गावात आत्याबाईंशी थट्टा करू शकणारी ती एकटी.

मीही गेले. हाताला गोणपाट बांधून. मला येत नव्हतं, पण त्या वर्षी घरात बसवत नव्हतं. पहाटेचा उजेड राखाडी होता. आत्याबाईंना दिसत नसूनही त्या माझ्या दुप्पट वेगानं उपटत होत्या, कारण करडई डोळ्यांनी काढायची नसतेच. बुडखा चाचपायचा, मुठीत धरायचा, मुरडायचा. माझ्या मनगटात काटे शिरले. गंगव्वानं पाहिलं आणि (करडईला ती कुसुबी म्हणायची) ओरडली, "अक्का, तुमच्या सुनेला कुसुबी चावली बघा!"

"चावू दे," आत्याबाई म्हणाल्या. "कायतरी शिकंल."

ऊन आलं तसं आम्ही बांधावर बसलो. गंगव्वा काटे काढत होती. काढता काढता म्हणाली, की तिच्या माहेरी पहिली कुसुबी बडवून झाली की तिचं हालू काढतात, म्हणजे दूध. त्या दुधात गव्हाची हुग्गी शिजवतात, गूळ घालून, खिरीसारखी. म्हशीचं दूध त्यात थेंबभर नसतं. "आमच्याकडं ह्याच्याबिगार कुसुबी घरात येत न्हाई, अक्का. आधी गोड, मग घाणा."

मी आत्याबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या रानातली करडई?"

"मग काय माझ्या बापाच्या?" गंगव्वा म्हणाली. "तुमीच पेरली, तुमीच उपटली. आता दूध तिचंच निघंल. तिला काय कुनी छावणीत नेलं न्हाई."

असं बोलायला गंगव्वाच हवी होती. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लय चुरूचुरू बोलतीस." पण उठल्या नाहीत.

चार दिवसांनी करडई बडवून, उफणून घरात आली. गंगव्वाला ताप भरला होता, ती येणार नव्हती. तिनं निरोप पाठवला की सुनेला सगळं सांगितलंय, तीच करील. मी दाणे रात्रभर भिजत घातले होते. सकाळी माझ्या चुलीपुढे बसले. पाटा, वरवंटा, फडकं, पातेलं, गूळ, सगळं ओळीनं मांडलेलं. आणि पाठीमागे काठीचा आवाज झाला. आत्याबाई आत आल्या. ज्येष्ठानंतर पहिल्यांदा त्या माझ्या चुलीपाशी आल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या.

"मला दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. "काय घालतीस त्ये बोल."

"शपथ घेऊ का, आत्याबाई?"

"शपथा नगंत. शपथ घेनारी लय बघितली. नुसतं बोल."

मग मी बोलायला लागले. करडई. रात्री भिजवलेली, आपल्याच रानातली. पाणी, आडाचं. त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या ओंजळीत दाणे दिले, त्यांनी चोळले, हुंगले, परत दिले. मी वाटत होते. करडईची टरफलं कडक असतात, वरवंट्याखाली करकरतात. फडकं. "कशाचं फडकं?" जुन्या लुगड्याचं, धुतलेलं. पिळते आहे. दूध निघालं. ते शेंगदाण्याच्या दुधाइतकं शुभ्र नसतं, जरा करडं, मातकट असतं. पातेल्यात घातलं. मंद आच, कारण उकळी जोरात आली तर ते फाटतं. कांडून कोंडा काढलेले गहू, काल शिजवून ठेवलेले. सुंठ. वेलदोडे दोन. मी प्रत्येक गोष्टीचं नाव घेत होते, शाळेत पाठ म्हणावा तसं. मध्येच थांबले तर त्या म्हणायच्या, "हां, आता?"

"आता ढवळते आहे. काही घालत नाही."

"काय घालत न्हाईस त्ये बी बोललीस. बरं."

गूळ घातला. किती, तेही सांगितलं. घरात तेलाचा, गुळाचा, सुंठेचा वास भरला. दुधाचा वास नव्हता. त्यांनी मान वर करून तो वास घेतला, कोपरे तपासावेत तसा.

मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खाली ठेवली. मला वाटलं, संपलं. पण त्या फक्त निवायची वाट बघत होत्या. मग दोन बोटांनी घास घेतला, तोंडात ठेवला आणि पुन्हा तसाच राहू दिला. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत त्यांनी गिळलं नाही.

"गूळ कमी हाय," त्या म्हणाल्या. आणि दुसरा घास घेतला.

त्यानंतर परसातले दगड तिथेच राहिले, पण त्यांवर चूल पेटली नाही.

हे सगळं गोड झालं असं समजू नका. त्या पुन्हा कधीही माझ्या हातचं डोळे मिटून जेवल्या नाहीत. रोज भिंतीला टेकून बसायच्या आणि मी बोलायची. तांदूळ. पाणी. मीठ. तेल, करडईचं. पहिले काही महिने ती मला शिक्षा वाटायची आणि ती शिक्षा होतीच. पुढे केव्हातरी ती आमची बोलायची रीत झाली. आमटीच्या मधेच त्या म्हसवडची रथयात्रा सांगायच्या, मी पाचगणीचं धुकं सांगायची. "धुकं म्हंजी गायीगुरांनी श्वास सोडल्यागत असंल," असं त्या म्हणाल्या होत्या. तुमचा बाबा झाला तेव्हा त्याच्यासाठी घरात दूध येऊ लागलं. ते तापवतानाही मी "दूध" असं मोठ्यानं म्हणायची आणि त्या आपलं बसणं हातभर मागे सरकवायच्या. पुढे आम्हाला क्वार्टर मिळालं. मग वर्षातून एकदा, सुटीत, एवढंच ते बसणं उरलं. बाकीचं वर्ष गंगव्वा त्यांना जेवण द्यायची आणि तीही बोलायची म्हणे, फक्त कन्नडमध्ये.

शेवटच्या सुटीत मी विचारलं होतं. मी भाकरी थापत होते आणि माझी पाठ त्यांच्याकडे होती म्हणून विचारता आलं. "आत्याबाई, तुम्ही मला माफ केलंत का?"

त्यांची काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पिठात काय हाय?"

"ज्वारी. मीठ. पाणी."

"मग थाप. तवा तापलाय."

त्या दिवाळीच्या आधी त्या गेल्या. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

सोहम, हसू नकोस. ईरा, तू जे सोडलंस ते का सोडलंस हे मी विचारणार नाही. तुझं ओटचं दूध मी चाखलेलं नाही. येशील तेव्हा आण, पण मला सांगून दे. करडईचं दूध काढायची कृती वर लिहिली आहे, तेवढ्यावर जमेल. आच मंद ठेव.

गावाकडचं घर आता भाऊबंदांकडे आहे. गंगव्वा नाही. तुमचे आजोबा नाहीत. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी केव्हाच काढून टाकल्या. सांगलीच्या या दोन खोल्यांत मी एकटीचा स्वयंपाक करते, सकाळी एकदाच. गॅस पेटवते, पातेलं ठेवते आणि त्यात जे घालते त्याचं नाव अजून मोठ्यानं घेते. पाणी. डाळ. हळद. मीठ. ते राहिलं आहे.